सांगलीत बसून काळे समुद्री मासे नावानिशी कसे ओळखायचे

रविवारी सकाळी सांगली, मिरज, कराड, सातारा कुठल्याबी मासळी बाजारात दहा मिनिटं उभं राहा, "मामा तो काळा कसा दिला?" हे वाक्य दोन-तीनदा तरी कानावर येतंच. आणि पलीकडनं उत्तर येतं, "काळा पापलेट हाय साहेब, समुद्राचा." बस्, झाला व्यवहार. कुणी नाव विचारत नाय, कुणी तोंड उघडून बघत नाय. आपली सगळी हयात कृष्णा-कोयनेच्या मरळ, वांब, कटल्यात गेलेली, समुद्राच्या माशाचं आपल्याला पापलेट, सुरमई, बांगडा एवढंच ठाऊक, बाकी सगळं "तो काळा" न "तो लाल". पण काळ्या रंगाचे खायचे समुद्री मासे एक नाय, चांगले सात-आठ प्रकार आपल्याकडं येतात, प्रत्येकाची चव वेगळी, भाव वेगळा, करायची पद्धत वेगळी, म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

मी हे शिकलो ते नुकसान झाल्यावर. दोन वर्षांपूर्वी आखाडात घरी पाहुणे होते, मी बाजारातनं दोन किलो "काळा पापलेट" आणला, आईनं वाटण घाटून मनापासून कालवण केलं, आणि पहिल्या घासालाच चिखलाचा वास. बारीक दुबेळक्या काट्यांनी लहान पोरं तर जेवलीच नायत. माझी ताई रत्नागिरीला दिलेली हाय, तिला उरलेल्या डोक्याचा फोटो पाठवला तर तिचा लगेच फोन, "अरे हा हलवा नव्हेच, त्याचं तोंड उघड आणि दात बघ." उघडलं, तर आत माणसाच्या दाढांसारखे दात. तो रूपचंद होता, तळ्यातला. त्या दिवसापास्नं ताई आणि दाजी यांच्याकडनं एकेक मासा समजून घेत गेलो, त्यांच्याकडं गेलो की पहाटे मिरकरवाडा बंदरावर जाऊन उभा राहतो, आणि आता बाजारात निदान फसत तरी नाय.

आधी हलवा, कारण काळा मासा म्हटलं की नव्वद टक्के वेळा माणसाला हलवाच पाहिजे असतोय

काळा पापलेट म्हंजे हलवा. गाजराचा नव्हे न संक्रांतीचा नव्हे, माशाचंच नाव हलवा. गोव्यात हळवो म्हणतात. शास्त्रीय नाव पॅरास्ट्रोमेटियस नायगर, त्यातला नायगर म्हंजे काळाच. आता गंमत अशी की नावात पापलेट असला तरी हा पापलेटाच्या घरातला नाय. खरा चंदेरी पापलेट, ज्याला 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारनं राज्यमासा म्हणून जाहीर केलं, तो वेगळ्या कुळातला आणि हलवा काटबांगड्याच्या कुळातला. हे नुसतं पुस्तकी ज्ञान नाय, ओळखायला लय उपयोगी पडतंय. काटबांगडा कधी हातात घेतला असंल तर शेपटीजवळ करवतीसारखे कडक खवले लागतात बघा, तसलेच पण बारीक आणि मऊसर खवले हलव्याच्या शेपटीच्या देठावर असतात. बाजूनं बोट मागनं पुढं फिरवलं की खरखर लागती. पापलेटाची शेपटी तिथं गुळगुळीत, आणि रूपचंदची तर एकदम साधी.

म्हणून हलवा घेताना मी काय करतो ते क्रमानं सांगतो. पहिलं शेपटीच्या देठावर बोट. दुसरं, मासा उलटा करून पोटाखाली बघायचं, कल्ल्याच्या मागं दोन्ही बाजूला जे पर असतात ते सोडून द्या, ते सगळ्यांना असतात, त्याच्या खाली पोटाच्या मधोमध आणखी एक परांची जोडी हाय का ते बघायचं. मोठ्या हलव्याला ती जोडी नसती, पापलेटालाबी नसती, रूपचंदला असती. तिसरं, पाठीवरचा मोठा पर संपला की त्याच्या आणि शेपटीच्या मधल्या जागेत एक छोटा मांसल पर, करंगळीच्या नखाएवढा. तो दिसला की विषय संपला, मासा रूपचंद. हलव्याला तो कधीच नसतो. आणि चौथं तोंड उघडायचं. हलव्याचे दात एकदम बारीक, बोटाला जेमतेम कळतील असे, रूपचंदचे तुम्हाला कळतीलच. विकणारा तोंड उघडू देत नसंल तर पुढच्या पाटीवर जा.

रंगावर मात्र अजिबात जाऊ नका. ताजा हलवा कोळशासारखा काळा नसतोच, राखाडी-तपकिरी अंगावर निळसर चमक आणि परांना थोडी पिवळी झाक असती. बर्फात जास्त दिवस राहिला की ती चमक जाती आणि मासा मळकट, चॉकलेटी दिसायला लागतो, म्हंजे आपल्याकडं लोक जो "एकदम काळा, मस्त" म्हणून उचलतात तो बऱ्याचदा सगळ्यात शिळा असतोय. साधारण फूटभर लांबीचा हलवा मिळाला की उत्तम, त्याहून मोठेबी येतात.

चंदेरी पापलेट आणि हलवा शेजारी ठेवले तर पापलेटाच्या शेपटीची खालची फाक वरच्यापेक्षा लांब दिसती, हलव्याच्या दोन्ही फाका जवळजवळ सारख्या. आणि पापलेटाचं तोंड बारकं, बोथट नाकाच्या खाली दडलेलं, हलव्याचं सरळ समोर.

नावाचा घोटाळा

इथं नीट लक्ष द्या कारण फसवणूक दरवेळी कुणी मुद्दाम करतंच असं नाय, नावंच एकमेकांत अडकलेली आहेत. सरंगा घ्या. मुंबई-अलिबागकडं सरंगा म्हंजे चंदेरी पापलेट, आणि खाली मालवणकडं कितीतरी जण हलव्याला सरंगा म्हणतात. म्हणून बॉक्स कुठनं आला ते विचारल्याशिवाय सरंगा शब्दावर भाव ठरवायचा नाय, हलवा पापलेटापेक्षा स्वस्त असतो, त्यामुळं फरक खिशाला लागतोय. कापरी म्हणून आणखी एक येतो, तो पापलेटाचाच भाऊ, अंगानं जाड, रंगानं जरा राखाडी, शेपटी कमी चिरलेली. त्यालाबी कुणी कुणी काळा पापलेट म्हणून मोकळं होतात. कापरी मिळाला तर दुःख मानू नका, लय चांगला मासा हाय तो.

आणि रूपचंद. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा मासा, पाकू जातीचा, आता आपल्याकडं शेततळ्यात न तलावात पाळतात. पोट लालसर, बाकी अंग राखाडी-काळं, आकार गोलसर चपटा, लांबनं बघितलं तर हलव्याचा भास होतोच. पण नावाची गोष्ट बघा, बंगालीत रूपचांदा म्हंजे समुद्राचा पापलेट! म्हंजे तळ्यातल्या माशाला समुद्रातल्या माशाचंच नाव लागलंय, मग गिऱ्हाईकाचा गोंधळ होणार नाय तर काय. मी रूपचंदला नावं ठेवत नाय, ज्याला आवडतो त्यानं खावा, तळून बरा लागतो, गरिबाला परवडतो. फक्त तो रूपचंद म्हणून, रूपचंदच्या भावात मिळाला पाहिजे, एवढंच म्हणणं हाय.

आखाडात दुप्पट सावध राहा, याचं कारण हाय. आपल्याकडं श्रावण लागायच्या आधी आखाडात सगळ्यात जास्त मटण-मासे खाल्ले जातात, आणि नेमकं तेव्हाच, 1 जून ते 31 जुलै, आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असती. म्हंजे मागणी टोकाला आणि रत्नागिरीचा ताजा माल जवळजवळ नाहीच. मग बाजारात येतं काय, तर कोल्ड स्टोरेजचं, तळ्यातलं, नायतर पूर्व किनाऱ्यावरचं. पूर्व किनाऱ्याची बंदी 15 एप्रिल ते 14 जून असती त्यामुळं जूनच्या शेवटी आंध्र-तमिळनाडूचा माल सुरू झालेला असतो, तो समुद्राचाच असतो, चांगलाबी असू शकतो, फक्त लांबनं आलेला. तेव्हा आखाडात कुणी "काल रात्री रत्नागिरीनं निघालाय" म्हणून मोठा हलवा दाखवला तर एक प्रश्न जास्त विचारा. मी तर आता आखाडात सरळ कृष्णेचा मासा नायतर चिकन करतो, हलव्याची हौस दसऱ्यानंतर भागवतो, तेव्हा आंबा घाटातनं आणि कराडकडं कुंभार्लीतनं गाड्या नीट सुरू झालेल्या असतात.

मोदुसा, ज्याच्याकडं आपली माणसं बघतच नायत

माझ्या मते काळ्या माशांत सगळ्यात कमी किंमत केलेला मासा हा. मोदुसा, कुणी मुदुसा म्हणतं, मुंबई-गुजरातच्या मालाला सकला म्हणतात, गोव्यात मोडसो, आणि इंग्रजी मेनूत कोबिया. लांबट, गोल अंगाचा, पाठ गडद तपकिरी-काळी आणि बाजूनं दोन फिकट चंदेरी पट्टे, डोकं चपटं, खालचा जबडा वरच्याच्या थोडा पुढं. पाठीवर मोठ्या पराच्या आधी सुटे सुटे आखूड काटे असतात, सात ते नऊ, एकमेकांना पडद्यानं न जोडलेले, ही त्याची पक्की खूण. याच्या कुळात हा एकटाच मासा हाय, दुसरा भाऊबंद नाय. माणसाएवढा वाढतो त्यामुळं आपल्याकडं अख्खा सहसा दिसत नाय, तुकड्या करूनच येतो, आणि तुकडीत ओळखायचा म्हंजे कातडी जाड काळसर, मांस पांढरं घट्ट, मधे एकच मोठा काटा.

तमिळमध्ये याला कडल विराल म्हणतात, म्हंजे समुद्राचा मरळ. हे मला कळलं तेव्हा लय बरं वाटलं कारण मरळ म्हंजे आपल्या सांगलीकरांचा जीव की प्राण, आणि खरंच चव न पोत दोन्हीत त्याची आठवण येती. तमिळनाडूतल्या मंडपम इथल्या केंद्रीय संशोधन केंद्रात 2010 मध्ये याची पिल्लं पहिल्यांदा भारतात तयार केली, तेव्हापास्नं पिंजऱ्यात पाळलेला मोदुसाबी बाजारात असतो. लहान पोरांना, म्हाताऱ्या माणसांना काट्याची भीती असती, त्यांच्यासाठी मोदुसा घ्या. सुरमईच्या नावाखाली कधीकधी याच्या तुकड्या खपवतात, तेव्हा कातडी बघा, सुरमईची कातडी पातळ, चंदेरी, ठिपक्यांची नायतर पट्ट्यांची.

बाकीचे काळे

हेकरू. गोव्यात गोब्रो. खडकातला मासा, अंग काळपट-तपकिरी, त्यावर ठिपके नायतर आडवे पट्टे, तोंड भलंमोठं आणि ओठ जाड. दिसायला बेढब म्हणून लोक घेत नायत, पण रश्शाला याच्या डोक्यासारखं डोकं नाय. कातडी जाड असती.

कुपा, कुठं कुठं गेदर म्हणतात, म्हंजे ट्यूना. पाठ निळी-काळी, अंग टॉर्पेडोसारखं, मांस लालभडक. इथं मला जरा जोर देऊन सांगायचंय. कुपा आणि बांगडा हे मासे बर्फाविना राहिले तर त्यांच्या मांसात हिस्टामाइन नावाचं द्रव्य तयार होतं आणि ते शिजवून, तळून कशानंही जात नाय. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतंय, अंगाला खाज, डोकं दुखतं, लोकांना वाटतं माशाची ॲलर्जी, पण असतो तो शिळेपणाचा त्रास. रत्नागिरी ते सांगली हा रात्रीचा प्रवास, त्यात थर्माकोलच्या बॉक्सातला बर्फ वितळलेला असंल तर मांसातला हा दोष तुम्हाला डोळ्यानं दिसणार नाय. म्हणून कुपा घेताना मासा बर्फात गाडलेला पाहिजे, वर ठेवलेला नव्हे. शंका आली की सोडून द्या, हलवा घ्या.

मुशी, मालवणकडं मोरी, म्हंजे लहान शार्क. राखाडी-काळी, कातडी पॉलिश पेपरसारखी. गरम पाण्यात बुडवून कातडी खरवडून काढतात. ताजीच पाहिजे, शिळ्या मुशीला मुतारीसारखा वास मारतो तो अंगातल्या युरियाचा अमोनिया झाल्यामुळं, तो वास आला तर कितीबी आमसूल घाला जाणार नाय. गरोदर बायकांनी मुशी टाळावी, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो.

वाम. इथं आपली माणसं नेहमी चुकतात कारण वाम, वांब आपल्याकडं नदीतबी हाय. नदीतली बारीक, पाठीवर सुट्या काट्यांची रांग असलेली, आणि समुद्रातली वाम जाडजूड, दंडाएवढी, टोकदार तोंडाची, पाठीवर तसले काटे नसलेली पण दात लय धारदार. दोन्ही वेगळे मासे, नाव तेवढं एक. शिंगाळ्याचंबी तसंच, मिशांवरनं लोक त्याला नदीचा समजतात, तो समुद्रातबी असतो, डोकं कवटीसारखं कडक. मला स्वतःला फार आवडत नाय, पण रत्नागिरीच्या दाजींच्या घरी त्याचं तिखट कालवण फर्मास होतं.

काळुंदर हा मासा नावातच काळा घेऊन आलाय पण तो खाडीचा, उघड्या समुद्राचा नव्हे. केरळात त्यालाच करिमीन म्हणतात, करि म्हंजे काळा न मीन म्हंजे मासा, 2010 मध्ये केरळनं त्याला राज्यमासा केला. हाताएवढा, अंगावर मोत्यासारखे ठिपके. सांगलीत क्वचित येतो, आला तर सोडू नका.

बॉक्सवरची परकी नावं

आखाडात जो लांबचा माल येतो त्यावर कधी तिकडची नावं असतात, नायतर विकणारा तीच सांगतो. हलव्याला तमिळमध्ये करुप्पु वव्वाल म्हणतात, वव्वाल म्हंजे वटवाघूळ, आकार बघितला की पटतं. तेलुगूत नल्ल चंदुवा, मल्याळममध्ये करुत्त आवोली. तिन्हीत पहिला शब्द काळा या अर्थाचाच, म्हणून करुप्पु, नल्ल, करुत्त यातलं काही ऐकलं आणि पुढं पापलेटाचं नाव असलं तर तो हलवा. तरी शेपटीवर बोट फिरवायचंच.

बोलायचं कसं

मासेवाल्या मावशीला "काळा कसा" असं कधीच विचारू नका, त्यातनं तिला कळतं की तुम्हाला नाव माहीत नाय. मी सरळ म्हणतो, "मावशी, हलवा आलाय का? बंदर कुठलं?" एवढ्यानंच बोलण्याची तऱ्हा बदलती. मग कल्ला उचलून बघायचा, आत लाल पाहिजे, तपकिरी नव्हे. काळ्या माशाला डोळे न कल्ले हेच खरं सांगतात, कारण अंगावरचं शिळेपण रंगात लपतंय, चंदेरी पापलेटावर जे पिवळे डाग लगेच दिसतात ते हलव्यावर दिसत नायत. अंगठ्यानं दाबायचं, खड्डा भरून आला तर ठीक. पोटाजवळ मऊ लागला तर नको. आणि कापून देताना समोर उभं राहायचं, डोकं सोडून द्यायचं नाय, ते आपलं असतं. पहिल्या दोन वेळा जरा अवघड वाटतं, मागं रांग असती, माणसं घाई करतात, तरी बघूनच घ्या. एकदा ओळख झाली की तीच मावशी सांगती, "आज हलवा नको घेऊस बाळा, कालचा हाय."

घरी आणल्यावर

हलव्याचे खवले बारीक असतात, सुरीच्या पाठीनं शेपटीकडनं डोक्याकडं हलकं खरवडायचं, कातडी काढायची नाय, चव तिथंच हाय. शेपटीजवळचे ते खरखरीत खवले मात्र सुरीनं नीट काढा, नायतर घशाला लागतात. हळद, मीठ, लिंबू लावून अर्धा तास. मग रवा न तांदळाचं पीठ मिसळून तव्यावर तळा, नायतर कालवण करा. कालवणाला हलवा पापलेटापेक्षा सरस, तुकडी फुटत नाय. आपला कांदा-लसूण मसाला घालायचा तर नेहमीच्या मटणापेक्षा निम्मा घाला, आणि त्यात चार आमसुलं न ओल्या नारळाचं वाटण पाहिजेच. ताई तिरफळं घालती, आमच्या आईला तो वास चालत नाय म्हणून आम्ही घालत नाय. मोदुसाची कातडी रश्शात ठेवा, तळायला काढली तरी चालती. हेकरूचं डोकं दोन भाग करून रश्शात आधी सोडा, तुकड्या दहा मिनिटांनी, म्हंजे दोन्ही एकदम शिजतात. आणि उकळी आल्यावर चमचा घालून ढवळायचं नाय, भांडंच फडक्यात धरून फिरवायचं.